डावीकडचं पान: वेल्समधल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना खुलं पत्र

वेल्समध्ये कामानिमित्त येऊन राहिलेल्या आणि रविवारी गावच्या पॅरिश चर्चमध्ये जाणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींना,

सप्रेम सलाम.

गेल्या नाताळानंतर आपण काही कुटुंबं जेवायला एकत्र जमलो होतो. तिथे बोलता बोलता एक गोष्ट जवळजवळ ठरलीच. आपापल्या व्हिकरना, म्हणजे गावच्या पाळकांना, अर्ज द्यायचा, की महिन्यातून जी एक उपासना पूर्ण वेल्श भाषेत होते तीही इंग्रजीत करा, निदान दोन्ही भाषांत तरी करा. कारण दोन दिली गेली. आपल्याला काही कळत नाही आणि मुलं कंटाळतात. एकाने फोनवर मसुदाही लिहून दाखवला. मी गप्प बसले. भरल्या ताटावर वाद नको, असं वाटलं. पण तेव्हापासून ते गप्प बसणं मला टोचतं आहे. तो अर्ज कृपा करून देऊ नका. एवढंच सांगायचं आहे, पण का ते नीट सांगायला थोडी जागा लागेल.

मी नगरची. घरात तीन पिढ्यांची मंडळी, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. गेली नऊ वर्षं वायव्य वेल्समधल्या ग्विनेदमध्ये नर्स म्हणून काम करते. १९७० साली नागपूरला आपली मंडळी एकत्र आली, तेव्हा त्यात अँग्लिकनही होते. त्यामुळे इथल्या अँग्लिकन 'चर्च इन वेल्स'मध्ये पाऊल ठेवताना मला परकं वाटलं नाही. वेदी, मेणबत्त्या, पवित्र सहभागितेचा क्रम, सगळं ओळखीचं होतं. भाषा तेवढी नव्हती.

पहिल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधली गोष्ट सांगते. आपल्याकडे हंगामाचा सण असतो तसा इथेही असतो. 'दिओल्खगारुख' म्हणतात त्याला, म्हणजे उपकारस्तुती. रात्रपाळी संपवून मी सरळ चर्चला गेले. उपासना सुरू झाली होती. खिडक्यांच्या दगडी कठड्यांवर सफरचंदं, लीकच्या जुड्या, जॅमच्या बरण्या मांडलेल्या होत्या आणि वेदीपाशी गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा भला मोठा पाव होता. माणसं असतील पंधरा-सोळा. मी मागच्या बाकावर एका आजींच्या शेजारी बसले. व्हिकरनी वर पाहिलं, माझ्याकडे बघून हसल्या आणि पुढचं वाक्य इंग्रजीत बोलल्या. त्यानंतरची सगळी उपासना इंग्रजीतच झाली. शास्त्रपाठ, संदेश, सूचना, सगळं. मला भरून आलं. परक्या मुलखात एका माणसासाठी सगळं चर्च भाषा बदलतं, याहून मोठा पाहुणचार कोणता? घरी जाऊन आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

आमच्याकडे उपासनेची पुस्तिका दोन्ही भाषांत आहे. डाव्या पानावर वेल्श, उजव्या पानावर इंग्रजी. मी आत आले तेव्हा शेजारच्या आजींचं बोट डाव्या पानावर होतं. व्हिकरनी भाषा बदलली तसं त्यांनी ते उचललं आणि उजव्या पानावर, त्याच ओळीच्या समोर आणून ठेवलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली.

दोन वर्षांनी एका वेल्श रविवारी मी कोपऱ्यात, खांबाआड बसले होते, त्यामुळे कोणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. प्रभूची प्रार्थना आली. आजींनी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणायला लागल्या. 'आइन ताद, अर हून उइत अन अ नेवोइद...' तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इंग्रजी उपासनेत ही बाई हीच प्रार्थना पुस्तिकेत बघून म्हणते. इंग्रजी तिला उत्तम येतं. बँकेत, दवाखान्यात, दुकानात आयुष्यभर इंग्रजी बोलत आली आहे. पण प्रार्थना तिच्या आईने शिकवली ती वेल्शमध्ये. मला माझी नगरची आजी आठवली. शेवटच्या आजारात माणसं ओळखेनाशी झाली होती, पण कोणी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढं म्हटलं, की पुढचं 'मला काही उणे पडणार नाही' तिच्या तोंडून आपोआप यायचं. तिच्यासमोर तेव्हा कोणी इंग्रजी स्तोत्र वाचलं असतं तर?

त्या दिवशी घरी येऊन मी मोजायला बसले, की दोन वर्षांत माझ्यामुळे किती वेळा भाषा बदलली असेल. रविवारच्या उपासना. मंडळीच्या बैठका. उपासनेनंतरचा चहा, ज्याला इकडे 'पानाद' म्हणतात. मी कप घेऊन कोंडाळ्यात गेले की चाललेली गोष्ट मध्येच इंग्रजीत वळायची. कोणी मला एका शब्दाने टोकलं नाही. मीच आजींना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सवय आहे आम्हाला."

हे आपल्याला नवीन आहे का? दादरच्या सोसायटीच्या बैठकीत बारा मराठी माणसं असतात, एक जण हिंदीत सुरू करतो आणि बाराही जण हिंदीत बोलायला लागतात. कोणी जबरदस्ती करत नाही. सौजन्य असतं ते. पण वर्षानुवर्षं ते सौजन्य एकाच बाजूने वाहिलं की एके दिवशी आपल्याच इमारतीत मराठी बोलणं उद्धट वाटायला लागतं. हे आपण किती तावातावाने बोलतो! मग इथे येऊन तो तेरावा माणूस आपणच व्हायचं?

म्हणूनच 'निदान दोन्ही भाषांत करा' ही मागणी दिसते तेवढी साधी नाही. इथल्या प्रत्येक वेल्शभाषक मोठ्या माणसाला इंग्रजी येतं. उलट तसं नाही. त्यामुळे तराजू आधीपासूनच झुकलेला आहे. दोन्ही भाषांतली उपासना म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, ते मी नऊ वर्षं पाहते आहे. पहिल्या वर्षी एक पाठ वेल्शमध्ये, एक इंग्रजीत. मग संदेश इंग्रजीत, कारण तो सगळ्यांना कळतो. मग सूचना इंग्रजीत, कारण वेळ वाचतो. शेवटी वेल्शमध्ये उरतं एखादं गीत आणि 'बोरे दा', म्हणजे सुप्रभात. कोणी वाईट हेतूने केलेलं नसतं यातलं काहीच.

२०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५,३८,००० निघाले, म्हणजे १७.८ टक्के. दहा वर्षांपूर्वी ते १९ टक्के होते. आमच्या ग्विनेदमध्ये प्रमाण ६४ टक्क्यांच्या वर आहे, म्हणून इथे अजून दुकानात, रस्त्यावर, रुग्णालयाच्या वॉर्डात ही भाषा कानावर पडते. पुण्यातल्या एकट्या पेठा-उपनगरांत जेवढे मराठी बोलणारे असतील त्यापेक्षा कमी माणसं जगभरात ही भाषा बोलतात. आपण लाटेसारखे येतो आहोत असं मी म्हणत नाही. आपण मूठभर आहोत. पण पंधरा माणसांच्या मंडळीत चार जणांचं एक कुटुंब ही मोठी गोष्ट असते.

आणि ही भाषा जगली ती चर्चमुळे, हे इथे येणाऱ्या आपल्यासारख्यांना माहीत असायला हवं. १५३६ च्या कायद्याने वेल्समधल्या न्यायालयांची आणि कारभाराची भाषा इंग्रजी ठरली. पण १५६३ मध्ये पार्लमेंटने दुसरा कायदा केला, की बायबल आणि प्रार्थनापुस्तक वेल्शमध्ये आणा. त्याच कायद्यात अशीही सोय होती, की प्रत्येक चर्चमध्ये वेल्श बायबलशेजारी इंग्रजी बायबलही ठेवायचं, म्हणजे लोक दोन्ही ताडून पाहतील आणि इंग्रजी लवकर शिकतील. डावं पान आणि उजवं पान ही मांडणी इतकी जुनी आहे! १५६७ मध्ये नवा करार आला आणि १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल पूर्ण केलं. ते तेव्हा डोंगराळ भागातल्या एका पॅरिशचे व्हिकर होते, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. पेनमाख्नोजवळ त्यांचं घर आजही उभं आहे, जमलं तर मुलांना घेऊन जा. ज्या भाषेला कचेरीत जागा नव्हती तिला दर रविवारी व्यासपीठ मिळालं. पुढे १७३१ पासून ग्रिफिथ जोन्स या दुसऱ्या एका पाळकाने फिरत्या शाळा काढल्या आणि शेतमजुरांना त्याच बायबलवरून वाचायला शिकवलं.

चर्चने नेहमीच असं नीट वागवलं, असं मात्र नाही. १७६६ मध्ये अँगलसी बेटावरच्या ट्रेव्द्राइथ पॅरिशमध्ये डॉ. थॉमस बोल्स नावाचे वयस्क इंग्रज पाळक नेमले गेले. त्यांना वेल्शचा गंधही नव्हता, आणि पॅरिशमध्ये इंग्रजी कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लोक खटला घेऊन थेट चर्चच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले. १७७३ मध्ये निकाल लागला, की अशा माणसाला नेमणं चूक होतं, पण एकदा नेमल्यावर काढता येणार नाही. तो निकाल मी वाचला तेव्हा पोटात कालवलं. एक शतकाहून अधिक काळ या देशात वेल्श बोलणारा एकही बिशप नेमला गेला नाही. तो पायंडा मोडला १८७० मध्ये. तोवर बहुसंख्य लोक चर्च सोडून आपल्या भाषेतल्या चॅपलमध्ये, म्हणजे वेगळ्या पंथांच्या प्रार्थनाघरांत, गेले होते. १९२० मध्ये इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं, त्यामागे हे सगळं दुखणं आहे. तेव्हा एखाद्या व्हिकरला आपण 'वेल्श उपासना बंद करा' असं लिहून देतो, तेव्हा आपण नकळत डॉ. बोल्स यांच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

आपल्याकडे दुसरं उदाहरण आहे आणि ते आपलंच आहे. मूळचे इंग्लंडचे, १५७९ मध्ये गोव्याला आलेले फादर थॉमस स्टीफन्स. त्यांनी लोकांना स्वतःच्या भाषेत ओढलं नाही. तिथली भाषा शिकले, ओवी शिकले आणि १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापलं, सुमारे ११,००० ओव्यांचं. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' म्हणत मराठीचं कौतुक करणारा तो माणूस परदेशी होता. आपण चारशे वर्षं त्यांचे गोडवे गातो. मग आपणही कुठेतरी परदेशी आहोत.

वेल्सचं तर आपल्यावर आणखी जवळचं ऋण आहे. १९०४ मध्ये इथे जे आत्मिक जागरण झालं ते मुख्यतः वेल्श भाषेतल्या प्रार्थनांचं आणि गीतांचं होतं. त्याची वार्ता केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पोहोचली आणि १९०५ मध्ये तिथल्या मुली मराठीत प्रार्थनेला बसल्या. माझी पणजी केडगावलाच वाढली.

आता मुलांबद्दल. मुलांना कळत नाही, असं आपण म्हणतो, पण ग्विनेदमधल्या प्राथमिक शाळा वेल्श माध्यमाच्या आहेत. नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषा पक्की करून घेणारी खास केंद्रं आहेत. माझ्या मुलाला वेल्श माझ्यापेक्षा दसपट येतं. वेल्श रविवारी तो मला कोपराने ढोसून पान उलटायला सांगतो. कळत नाही ते आपल्याला. कंटाळतात म्हणाल, तर मुलं इंग्रजी उपासनेतही कंटाळतात आणि नगरला मराठी उपासनेतही आम्ही कंटाळायचो.

'देवाला सगळ्या भाषा कळतात' असं त्या दिवशी कोणीतरी म्हणालं. खरंच आहे ते. म्हणून तर आजींनी भाषा बदलायची काहीच गरज नाही. प्रेषितांची कृत्ये काढून दुसरा अध्याय पुन्हा वाचा. पन्नासाव्या दिवशी आत्मा उतरला तेव्हा सगळ्यांना एक भाषा आली नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं.

एक बारीक गोष्ट मला वेल्श शिकताना सापडली आणि तिने मला फार आनंद दिला. वेल्शमध्ये 'ती' म्हणजे तू आणि 'खी' म्हणजे तुम्ही. व्हिकरना 'खी' म्हणायचं, अनोळखी माणसाला 'खी' म्हणायचं, पण देवाला 'ती'. 'सांक्तेइद्येर द एनू', 'तुझे नाव पवित्र मानले जावो'. अगदी आपल्यासारखं! आजच्या इंग्रजीत हा फरक उरलेलाच नाही, सगळ्यांना एकच शब्द. म्हणजे मराठी प्रार्थनेतला 'तू' जसाच्या तसा जपायचा असेल तर मला उजव्या पानापेक्षा डावं पान जवळचं आहे.

इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींवर मला काही आरोप करायचा नाही. आमच्याकडे इंग्लंडमधल्या लँकशरहून निवृत्त होऊन आलेलं एक जोडपं आहे. छपराची गळती त्यांनी वर्गणी गोळा करून थांबवली, दफनभूमीतलं गवत तेच कापतात. त्यांचाही या चर्चवर हक्क आहे, आणि महिन्यातल्या बाकीच्या रविवारी इंग्रजी असतंच. एकेका व्हिकरकडे आता अनेक चर्चं असतात, माणसं कमी, पैसे कमी, त्यामुळे सगळं एकाच उपासनेत कोंबायचा मोह होतो हेही मला कळतं. पण त्या जोडप्यातले काका आता साठीनंतर वेल्श शिकतात. अबरडारोनचे व्हिकर राहिलेले कवी आर. एस. थॉमस हेही कार्डिफमध्ये इंग्रजी घरात जन्मले आणि मोठेपणी वेल्श शिकून त्या भाषेत पाळकपण करू लागले. अशी वाट आहे.

बैठकांसाठी तर अगदी सोपा उपाय निघाला. इथल्या कौन्सिलच्या सभांत चालतात तसे तत्काळ भाषांतराचे हेडफोन आम्ही उसने आणले. मागच्या बाकावर एक बाई छोट्या मायक्रोफोनमध्ये हळू आवाजात इंग्रजीत सांगत बसतात, ज्यांना हवं त्यांनी हेडफोन लावायचा. पहिल्या बैठकीत मी तो कानाला लावला आणि समोर पाहिलं. खजिनदार आजोबा, जे इंग्रजीत दोन वाक्यांत हिशेब सांगून खाली बसायचे, ते वेल्शमध्ये दहा मिनिटं बोलले. हातवारे करून. दोनदा लोक हसले, आणि एक सेकंदाने, कानातून विनोद पोहोचल्यावर, मीही हसले. इतकी वर्षं मी त्या माणसाला अबोल समजत होते.

गेल्या जानेवारीत मी मॉन्टगोमरीशरमधल्या एका खेड्यात 'प्लगाइन'ला गेले होते. हा शब्द लॅटिनमधल्या कोंबड्याच्या आरवण्यावरून आला म्हणतात. पूर्वी ही उपासना नाताळच्या पहाटे, अंधारात, मेणबत्त्यांच्या उजेडात व्हायची. आपल्याकडच्या काकड आरतीची वेळ. आता बहुतेक ठिकाणी संध्याकाळी होते आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत वेगवेगळ्या गावांत चालते. व्हिकर छोटी प्रार्थना घेतात आणि सांगतात, की प्लगाइन आता खुली आहे. मग कोणी नावं पुकारत नाही. बाकावरून तिघं उठतात, बूट वाजवत पुढे जातात, एक जण स्वर देणारा चिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी नेतो आणि कोणत्याही वाद्याशिवाय गातात. एदेन बागेपासून क्रूसापर्यंतची कथा सांगणारी लांबलचक गीतं, कित्येक घराण्यांच्या वह्यांत हाताने उतरवलेली. टाळ्या नाहीत. एकाने गायलेलं गीत त्या रात्री दुसऱ्याने गायचं नाही. सगळे गट झाले की पुन्हा त्याच क्रमाने दुसरी फेरी. शेवटी चर्चमधले सगळे पुरुष पुढे जाऊन एकत्र गातात आणि मग हॉलमध्ये जेवण.

दोन तास एक शब्द इंग्रजी नव्हता. मला निम्मंही कळलं नाही. पण नगरला लहानपणी ख्रिस्ती कीर्तनाला बसायचे, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं ऐकायचे, तेव्हा तरी मला सगळं कुठे कळत होतं? मांडी घालून बसले की अंगात उतरायचं. त्या रात्री माझ्यासाठी कोणी भाषा बदलली नाही, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला आपण पाहुणे नाही असं वाटलं.

म्हणून विनंती आहे. अर्ज देऊ नका. त्याऐवजी व्हिकरना जाऊन सांगा, की आम्ही आलो म्हणून भाषा बदलू नका; आम्हाला डावं पान दाखवा. हे तोंडाने सांगावं लागतं, कारण ही माणसं स्वतःहून कधी मागणार नाहीत. बैठकीत हेडफोन मागून घ्या. वेल्श शिकवणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचे वर्ग आपापल्या भागात आहेत, आणि रुग्णालयात काम करणाऱ्यांनी आपल्या विभागात विचारून पाहा. माझा वर्ग गुरुवारी संध्याकाळी असतो, दोन जागा रिकाम्या आहेत.

प्रभूची प्रार्थना मी वेल्श उच्चारांसह देवनागरीत लिहून काढली आहे. आजींनी समोर बसून प्रत्येक शब्द माझ्याकडून तीन-तीनदा म्हणवून घेतला, 'एल-एल' लिहिलेल्या त्या जिभेच्या कडेने फुंकायच्या अक्षरासाठी तर बरीच मेहनत घेतली. एका कागदावर मावते. हवी असेल त्यांनी कळवा, पुढच्या महिन्याच्या वेल्श रविवारआधी पाठवते.

आपली ख्रिस्तात बहीण,
ग्विनेदमधली एक नगरकर नर्स